तांतो, नाता, कोयता

आमच्या ट्रेक ग्रुपवर माझ्यापेक्षा माझ्या चाकूचे फोटो जास्त आहेत. न दुमडणारा चाकू. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत अखंड, पाठ सरळ, आणि टोकाजवळ धार अचानक कोन करून वर वळते. विकणारे याला 'तांतो' म्हणतात. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी घेतला. राजमाचीला आणि हरिश्चंद्रगडाला त्याने कांदे चिरलेत, दोऱ्या कापल्यात. ज्या टोकासाठी पैसे मोजले, त्या टोकाला अजून काम मिळालेलं नाही.

हे टोक आलं कुठून? जपानी तांतो म्हणजे एक शाकूपेक्षा, साधारण ३० सेंटिमीटरपेक्षा, लहान पात्याची कट्यार. बहुतेक जुन्या तांतोंची धार टोकापर्यंत एका सलग वळणात जाते. असा कोपरा त्यांना नसतोच. कोपऱ्याची आठवण करून देणारी एक रेघ असते ती लांब तलवारीच्या टोकाशी. तिला 'योकोते' म्हणतात. पण ती पात्याच्या बाजूवर असते, धारेला मोडत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत कोल्ड स्टीलसारख्या कंपन्यांनी कोपऱ्याचा तांतो लोकप्रिय केला. टोक भक्कम झालं, पण सोलायला-कापायला लागणारं वळण गेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस उचलला आणि आतला कोड सोडून दिला.

आतला कोड खरंच भारी आहे. कडक पोलादाची धार टिकते, पण घाव बसला की तडकते. मऊ लोखंड वाकतं, पण सहसा तुटत नाही. म्हणून जपानी लोहार दोन्ही एकत्र ठोकायचे. 'सानमाई' पद्धतीत कडक पोलाद मधे आणि मऊ दोन्ही बाजूंना. तलवारीला पाणी देण्याआधी पाठीवर मातीचा जाड थर द्यायचे आणि धारेवर पातळ. धार झटकन थंड होऊन कडक व्हायची, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहायची. माझा चाकू कारखान्यातल्या एकाच जातीच्या पोलादाचा आहे. त्यात यातलं काही नाही, फक्त चेहरा आहे.

आणि चेहरासुद्धा समुराईचा. जपानमधे जंगलात सरपणाला जाणाऱ्या माणसाच्या हातात 'नाता' असायचा, आजही असतो. आयताकृती, जाड, बिनटोकाचं पातं आणि लाकडी मूठ. काही नात्यांना पुढे बोथट चोच असते. घाव चुकून दगडावर गेला तर आधी चोच आपटते आणि धार वाचते. १८७६ मध्ये सरकारने तलवार लावून फिरायला बंदी केली, तेव्हा तलवारी घडवणारे कितीतरी लोहार सुऱ्या आणि अवजारांकडे वळले. तरी 'जपानी प्रेरणा' म्हटलं की जगाला तलवारच दिसते.

नात्याचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमचं घर आठवलं.

माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे. आमच्या बीडकडे नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. पाच-सहा महिने ते उसाच्या फडात आणि मी आजीकडे. माझी पहिल्या वर्षाची फी अशाच एका उचलीतून भरली. आईला कोयता जड पडतो म्हणून गावच्या लोहाराने त्याची पाठ थोडी पातळ करून दिली होती. ते डिझाइन होतं, हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.

पुण्यात 'कोयता' म्हटलं की लोकांना बातम्यांतली कोयता गँग आठवते. ऑफिसात एकाने हसत विचारलं, "तुमच्याकडे सगळे कोयता घेऊनच फिरतात का रे?"

म्हटलं, "हो. वर्षातले सहा महिने."

गंमत म्हणजे आपल्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात, पण घरगुती आणि शेतीकामाची पाती त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे कायद्याच्या लेखी उसाचा कोयता हे अवजार, आणि माझा चाकू थोडा मोठा असता तर तो शस्त्र. लोकांच्या नजरेत मात्र बरोबर उलट: माझा चाकू 'कूल' आणि आईचा कोयता भीतीदायक.

मागच्या दिवाळीत आईने चाकू हातात घेतला. धारेवरून आडवा अंगठा फिरवला, मूठ तोलून पाहिली.

"ह्यानं काय तोडायचं रं?"

"काही नाही गं. ट्रेकला नेतो."

"मग टोकाला ह्यो कोपरा कशाला? घासताना आधी ह्योच जाईल."

तिचं बरोबर आहे. निसण्यावर धार लावताना तो कोपरा दर वेळी थोडा गोल होतो. पूर्वी मी तो जपायचो, दोन्ही बाजू वेगवेगळ्या घासायचो. आता जपत नाही. अजून काही वर्षं कांदे चिरले, दोऱ्या कापल्या, की ती धार एका सलग वळणात येईल, जुन्या तांतोसारखी.