नांव नसलेली पाहुणी

पाहुणा दाराशीं आला म्हणजे त्याला आधीं पाणी द्यावें कीं आधीं नांव विचारावें, याविषयीं आमच्या घरांत दोन पक्ष आहेत. पाणी आधीं, हा पत्नीचा पक्ष. मी मात्र नांव कळेपर्यंत अस्वस्थ असतों. वाटेंत कोणी ओळखीचें हसून बोललें आणि त्याचें नांव आठवलें नाहीं, तर त्या रात्रीची माझी झोप गेलीच म्हणून समजावें. अशा माणसाच्या घरीं गेल्या कार्तिकांत एक पाहुणी आली. तिनें पाणी मागितलें नाहीं, नांव सांगितलें नाहीं आणि सरळ बिऱ्हाड थाटलें. माझी काय अवस्था झाली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

यवतमाळच्या आमच्या घरांत वडिलांच्या वेळचें एक सागवानी कपाट आहे. त्याच्या एका दाराची किल्ली फार पूर्वीं हरवली आणि किल्लीचें भोंक तेवढें उरलें. एके दिवशीं सकाळीं त्या भोंकांतून भुणभुण ऐकूं आली. थोड्या वेळानें एक माशी पाठमोरी सरकत बाहेर पडली, कपाटापुढें दोनतीन वेळां आडवी-उभी उडाली, जागेची खूण मनाशीं पटवली आणि खिडकीबाहेर निघून गेली. परतली ती तोंडांत ओल्या मातीची गोळी घेऊन.

पुढील आठ दिवस मीं दुसरें कांहींच केलें नाहीं, असें पत्नीचें म्हणणें आहे, आणि मी तें नाकारीत नाहीं. माशी मधमाशीएवढीच, पण अंगानें थोडी जाड. छातीवर तांबूस-पिवळी लव, पोट काळें आणि त्यावर बारीक पांढरे आडवे पट्टे. मधमाशी पराग मागच्या पायांवर बांधून आणते. हिचें सारें ओझें पोटाखालच्या केसांत, म्हणून परततांना तिचें पोट खालून हळद लावल्यासारखें दिसे. मातीची एक कोठडी बांधावी, पराग आणि मध कालवून तिच्यांत शिदोरी भरावी, त्या शिदोरीवर एकच अंडें घालावें, मातीनें तोंड लिंपावें आणि लगेच पुढच्या कोठडीस लागावें, हा तिचा क्रम. तेथें राणी नाहीं, दास्या नाहींत, पहारा नाहीं. गवंडीहि तीच आणि आईहि तीच. जीं पिलें उद्यां बाहेर पडायचीं, त्यांचीं तोंडें बहुधा तिला दिसायचीं नाहींत. तरी कोठडीच्या भिंतींत कोठें कसूर नाहीं.

मीं घरांत चौकशी सुरू केली. पत्नी म्हणाली, "कुंभारीण असेल." पण कुंभारीण पडली गांधीलमाशीच्या गोतांतली, ती पिलांसाठीं अळ्या कोंडून ठेवते, पराग नव्हे. नातीनें "मधमाशी" असा निकाल देऊन खेळायला धूम ठोकली. शेजाऱ्यांनीं नांवाच्या भानगडींत न पडतां भोंक बुजवून टाकण्याचा सल्ला दिला.

त्याच सुमारास मामेभावाच्या शेतावर, दारव्हा तालुक्यांत, जाण्याचा योग आला. आमच्या भागांत कपाशीच्या कांहीं तासांनंतर तुरीचा एक तास असतो. कपाशीची पहिली वेचणी चालली होती आणि तूर पिवळी झाली होती. पाहतों तों काय, त्या फुलांवर आमची पाहुणी! एकटी नव्हे, तिच्यासारख्या कितीतरी. तुरीचें फूल पतंगासारखें. त्याच्या खालच्या पाकळ्या नावेसारख्या जुळलेल्या असतात आणि पुंकेसर त्या नावेंत लपलेले असतात. माशी नावेवर बसली कीं तिच्या भारानें नाव खालीं झुकते आणि पुंकेसर वर येऊन तिच्या पोटाला टेकतात. हिच्या पोटाखालीं केस कां, याचें उत्तर मला त्या धुऱ्यावर उभ्या उभ्या मिळालें. तूर स्वतःच्या परागानेंहि फळते, हें खरें. पण एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडावर जातो तो अशाच माशांच्या पोटावर बसून.

भावाच्या म्हाताऱ्या सालदाराला मीं विचारलें, "या माशीला काय म्हणतात हो?" त्यानें क्षणभर पाहिलें आणि म्हटलें, "ह्या काही मधाच्या नाहीत जी. अशाच येतात अन् जातात."

या उत्तरांत आपल्या साऱ्या भाषेचा हिशेब आला. आग्या, सातेरी, फुलोरी, पोया, हीं नांवें आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत, कारण त्यांच्यापासून मध मिळतो. गांधीलमाशीला नांव आहे, कारण ती चावते. भुंग्याला नांव आहे, कारण तो वासे पोखरतो आणि कवींच्याहि उपयोगी पडतो. ज्यांनीं आपल्याला कांहीं दिलें किंवा ज्यांनीं आपल्याला दुखवलें, त्यांचीं नांवें आपण ठेवलीं. जगांत माशांच्या या कुळाच्या वीस हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. पैकीं मधमाशीच्या गणांतल्या जेमतेम दहाबारा. बाकीच्या बहुतेक एकट्या राहतात आणि एकट्या मरतात. त्या अशाच येतात आणि जातात.

मग मी ग्रंथांकडे वळलों. बिंगहॅम नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें १८९७ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानांतील गांधीलमाशा आणि मधमाशा यांवर एक जाडजूड खंड प्रसिद्ध केला. तो आतां संगणकावर घरबसल्या वाचतां येतो. त्यांत जाति ओळखण्याचीं कोष्टकें आहेत. एक प्रश्न विचारायचा. उत्तर होय असेल तर अमुक क्रमांकाकडे, नाहीं असेल तर तमुक क्रमांकाकडे जायचें. युक्ति मोठी सुंदर; अडचण एवढीच कीं, प्रश्न माशीच्या जबड्यावरील दातांचे, पंखांवरील शिरांच्या जाळ्याचे आणि कपाळपट्टीवरील बारीक खळग्यांचे असतात, आणि पाहुणी तर एक क्षणहि स्वस्थ बसत नव्हती. दात मोजावयाचे तर माशी टांचणीवर हवी. नवी जाति वर्णावयाची असली तरी रीत हीच. एक नमुना टांचणीवर लावायचा, त्याखालीं गांव, दिवस आणि पकडणाऱ्याचें नांव लिहिलेली चिठ्ठी टोंचायची, आधींच्या साऱ्या जातींशीं तो ताडून पाहायचा आणि मग त्याचें वर्णन छापायचें. पुढें शंभर वर्षांनीं कोणाला संशय आला, तर निवाडा त्या एका देहावरून व्हायचा. म्हणजे नांव द्यायचें तर आधीं जीव घ्यायचा! घरीं आलेल्या बाळंतिणीचें नांव कळावें म्हणून तिला टांचणी टोंचण्याचें धैर्य मला झालें नाहीं. मीं ग्रंथ मिटला.

मार्गशीर्षांत पुन्हा शेतावर गेलों तेव्हां तुरीवर नुकतीच फवारणी झाली होती. आमच्याकडे या द्रव्याला 'औषध' म्हणतात. २०१७ सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस याच जिल्ह्यांत कपाशीवर तें फवारतांना वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर विषबाधेनें दगावले, शेंकडों रुग्णालयांत पडले. तरी शब्द बदलला नाहीं. भावाला मी दोष देत नाहीं. अळी शेंगेंत शिरली कीं त्याचें वर्ष गेलें, आणि त्याच्या वर्षाचा भार माझ्या वरणावर नसतो, मुलांच्या शाळेवर आणि सोसायटीच्या कर्जावर असतो. पण तुरीच्या तासाखालीं, काळ्या जमिनीच्या भेगांत, माशा पडल्या होत्या. कांहींचे पाय अजून हलत होते. पोटें पिवळीं होतीं. माणसांच्या मरणाची निदान मोजणी झाली होती. यांची कोण करणार, आणि कोणत्या नांवाखालीं? मीं आगपेटी रिकामी केली आणि तिच्यांत चार माशा घातल्या. तीन आमच्या पाहुणीसारख्या. चौथी लहानशी, तांदळाच्या दाण्याएवढी, काळीसांवळी.

परगांवच्या एका अभ्यासू प्राध्यापकांकडे मीं ती आगपेटी पाठविली. तीन आठवड्यांनीं पत्र आलें. मोठ्या तीन माशा 'मेगाकायली लॅनाटा' या जातीच्या. पहिला शब्द ग्रीक, मोठ्या ओठाची. दुसरा लॅटिन, लोकर पांघरलेली. हें नांव १७७५ सालचें. तें देणारा फॅब्रिशिअस हा डेन्मार्कचा पंडित, लिनियसचा शिष्य. आपल्या आग्या माशीला आणि फुलोरीला शास्त्रीय नांवें दिलीं तींहि त्यानेंच, आणि हिंदुस्थान तर त्यानें कधीं पाहिलाहि नव्हता. पुढें प्राध्यापकांनीं सहज लिहिलें होतें कीं, ही माशी पोकळ बांबूंत, भिंतीच्या भोंकांत आणि कुलुपांतहि मातीचीं घरें करते. पुष्कळ लोक ती वाळवीची माती समजून पुसून टाकतात.

हें वाक्य मीं दोनदां वाचलें. मागील वर्षीं याच कपाटाच्या दुसऱ्या दाराच्या भोंकांत मला माती दिसली होती. सागवानाला वाळवी लागली, या धास्तीनें मीं बाजारांतून वाळवीचें औषध आणून पिचकारीनें आंत मारलें होतें आणि वेळेवर लक्ष गेलें म्हणून स्वतःची पाठहि थोपटून घेतली होती. टांचणी टोंचण्याचें धैर्य नसलेला मनुष्य तो हाच. अडीचशें वर्षें जिचें नांव छापलेलें होतें, तिला मीं वाळवी म्हणून मारलें. नांव ठाऊक नसणें ही केवळ माझ्या झोपेची गोष्ट नव्हती, एवढें त्या दिवशीं मला कळलें.

चौथ्या माशीविषयीं पत्रांत दोनच ओळी होत्या. ती 'लासिओग्लॉसम' गणांतील. पण या एका गणांत सतराशेंहून अधिक जाती, आणि त्यांच्या माद्या एकमेकींसारख्या. "नर मिळाल्याशिवाय जाति सांगतां येणार नाहीं. नमुना परत पाठवीत आहें, जपून ठेवावा."

अशा थांबलेल्या माशा जगांत किती असतील? ऑस्ट्रेलियांत सतराशेंच्या आसपास देशी माशांना नांवें मिळालीं आहेत आणि कितीतरी अजून मिळायचीं आहेत. तेथें टार्लटन रेमेंट या चित्रकार-लेखकानें केवळ हौसेनें हा व्यासंग केला आणि १९३५ सालीं त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. तेथेंच १९७९ सालीं प्रथम हातीं आलेल्या एका माशीला नांव मिळालें तें २०२२ सालीं. नांव देणाऱ्या विदुषीनें तिला आपल्या कुत्र्याचें नांव दिलें, 'झेफिर'. माशीचा चेहराहि कुत्र्याच्या मुस्कटासारखा पुढें आलेला आहे म्हणे. त्रेचाळीस वर्षें ती माशी जगाच्या यादींत नव्हती, आणि जें यादींत नाहीं तें नाहींसें झालें तर त्याची दादफिर्याद कोण लावणार? दूर कशाला जा? त्याच २०२२ सालीं केरळच्या अभ्यासकांनीं सह्याद्रींतील काळसर मधमाशी ही सातेरीहून वेगळी जाति ठरवून तिला 'एपिस करिंजोडिअन' हें नांव दिलें. सर्वच पंडितांना तें मान्य नाहीं. पण जी मध देते, माणसाच्या हाताखालून रोज जाते, तिच्याविषयींहि अजून वाद उरला असेल, तर तुरीच्या तासांतल्या तांदळाएवढ्या माशीची काय कथा!

मीं एक चिठ्ठी लिहिली: 'तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, तुरीखालीं, मार्गशीर्ष, फवारणीनंतर मृत.' ती आगपेटींत ठेवली आणि आगपेटी कपाटांत. भावाला पत्र घातलें कीं, फवारणें भागच असेल तर दिवस मावळतांना फवार. त्या वेळीं माशा फुलांवरून परतलेल्या असतात. त्याचें उत्तर आलें, "मजूर मिळाला तर पाहूं." हें नकारापेक्षां बरें. येत्या हंगामांत फवारणीच्या आधीं जाऊन त्या लहान माशीचा नर शोधायचा, असें सालदाराशीं ठरलें आहे. त्याला कारण सांगितलें तेव्हां तो बराच वेळ हसला. पण त्याचे डोळे माझ्याहून चांगले आहेत.

माघ संपतां संपतां एके दिवशीं नातीनें हांक मारली. कपाटाच्या भोंकावरील मातीच्या झांकणाला एक वाटोळें छिद्र पडलें होतें. बाहेरच्या कोठड्यांत बहुधा नर असतात आणि ते आधीं निघतात, असें मीं तिला समजावून सांगितलें. दुसऱ्या दिवशीं आणखी एक गेला. पत्नी म्हणाली, "पाहुणे गेले वाटतें. आतां तरी किल्ली करून आणा."

मीं भोंकाला कान लावून पाहिला. आंत अजून कांहींतरी कुरतडत होतें.