न आलेली पाळी

केमो सुरू झाली आणि पाळी थांबली. डॉक्टरांनी कल्पना दिली होती: ही औषधं बीजांडकोशांनाही सोडत नाहीत. चाळिशीच्या आतल्या बाईची पाळी बऱ्याचदा परत येते, पुढे शक्यता कमी होत जाते. मी नेमकी त्या उंबरठ्यावर. तेव्हा जीव वाचणं एवढंच दिसत होतं. आता केस परत आलेत, मन मात्र इथे अडकलंय.

कपाटात साड्यांमागे पॅडचं अर्धं पाकीट आहे. चिकटपट्टी सुटलीये, प्लॅस्टिक चुरगळलंय. आवरताना हाती येतं आणि मी ते पुन्हा तिथेच ठेवते. ज्या दिवसांचा इतकी वर्षं त्रागा केला, त्यांचीच वाट पाहावी, हे कुणाला सांगू?

स्तनाचा कॅन्सर परतू नये म्हणून रोज टॅमॉक्सिफेनची गोळी असते. निदान ५ वर्षं, कुणाला १०. स्तनाच्या पेशींशी इस्ट्रोजेनला ती जुळू देत नाही. रात्री छातीतून आग उसळते, उशी भिजते, मग पंख्याखाली हुडहुडी भरते. सकाळी सासूबाई न बोलता उशी उन्हात टाकतात. पाळी जाताना त्यांचंही असंच झालं असेल, पण सावकाश. माझ्यावर एकदम कोसळलं.

रक्त दिसलं तर हरखायचं नाही, आधी डॉक्टरांना सांगायचं. याच गोळीने गर्भाशयाचं अस्तर जाड होऊ शकतं. परवा एक डाग दिसला. आधी आनंद झाला की भीती वाटली, मला खरंच आठवत नाही. सोनोग्राफी सोमवारी आहे. लेकीला अजून सांगितलं नाही.