गंधार चढा लागतोय!

"साहेब, इस्त्रीची फळी आणली का?"

आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांचा प्रश्न. त्यांचं काही चुकलं नव्हतं म्हणा. खांद्याला काळी कापडी पिशवी, त्यात लांबट चपटं काहीतरी. मी म्हटलं, "नाही हो काका, गिटार आहे." त्यांनी एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि "बरं बरं" म्हणून रजिस्टरमधे डोकं घातलं. शिकलेली माणसं वीकांताला काय काय करतात, असा भाव.

तर मंडळी, या फळीचं नाव लॅप स्टील गिटार. मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातात धातूचा एक गुळगुळीत बार (पिण्याचा नव्हे!) धरून तो तारांवरून सरकवायचा. तारा दाबायच्या नाहीत, बार नुसता टेकवायचा. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना 'हवाईयन गिटार' म्हटलं की लगेच कळतं. आकाशवाणीवर दोन कार्यक्रमांच्या मधली उरलेली मिनिटं भरायला सिनेमाच्या गाण्यांची धून लावायचे, त्यातला तो लांबवर ओढलेला, किंचित रडवा आवाज. तोच हा.

पण मला ही का घ्यावीशी वाटली, ते आधी सांगतो.

२०२२ च्या जुलैत, पावसात, चांदणी चौकाच्या उतारावर माझी बाईक घसरली. डावा हात खाली आला. ऑपरेशन झालं, प्लेट बसली, चार महिने फिजिओथेरपी झाली. हात वाचला, पण अनामिका आणि करंगळी काही पूर्ण मिटेनात. मिटायला लावलं की निम्म्यावर येऊन थांबतात, सर्व्हर रिस्पॉन्ड करत नाही तशा. डॉक्टर म्हणाले, "टायपिंग व्यवस्थित होईल. गिटार... जरा अवघड आहे." टायपिंग झालं. कंट्रोलची कळ सेटिंग बदलून अंगठ्याखाली आणली, काम सुरू. गिटार मात्र कपाटावर गेली. कॉलेजपासून वाजवत होतो. फार भारी वाजवायचो अशातला भाग नाही, पण शुक्रवारी रात्री लॅपटॉप मिटला की हात आपोआप तिच्याकडे जायचा. तो जायचा बंद झाला. मीटिंगमधे डावा हात टेबलाखाली ठेवायची सवय कधी लागली, ते मलाही कळलं नाही.

मग एका रविवारी, फरशी पुसताना (हो, पुसतो!) 'कॉल ऑफ द व्हॅली' लावला होता. १९६७ चा अल्बम. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. शंभर वेळा ऐकलेला. पण त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं, की काब्रा गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायचे. म्हणजे डाव्या हाताने काय करायचे? फडकं तिथेच टाकलं आणि व्हिडिओ शोधत बसलो. त्यात एका वादकाच्या डाव्या हाताचा क्लोजअप होता. बार अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात धरलेला. आणि अनामिका-करंगळी? सरळ. बारच्या मागे तारांवर हलकेच टेकून पडलेल्या. त्यांचं काम एवढंच, की बारच्या मागचा तारेचा तुकडा कण्हत राहतो, तो गप्प करायचा.

मी माझ्या बोटांकडे बघितलं. सरळ पडून राहायचं? अहो, त्यांना दुसरं येतंय काय!

लगेच पैसे घालवायची हिंमत नव्हती. म्हणून कपाटावरची गिटार काढली. साध्या गिटारच्या नटवर बसवायची धातूची एक टोपी मिळते, काहीशे रुपयांत. ती बसवली की तारा उंच होतात आणि बार फ्रेटवर आपटत नाही. बारच्या जागी गाडीच्या पान्यांच्या सेटमधला एक लांब सॉकेट घेतला. अगदीच जुगाड, पण याला परंपरा आहे! या वादनाचा जनक म्हणून जोसेफ केकुकू या हवाईच्या माणसाचं नाव घेतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, शाळकरी वयात त्याला रेल्वेच्या रुळांपाशी एक बोल्ट सापडला आणि तो गिटारच्या तारांवर घासल्यावर हा आवाज निघाला, अशी गोष्ट सांगतात. गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या, भारतात जन्मलेल्या एका तरुणाचंही नाव त्या काळातल्या होनोलुलूच्या संदर्भात येतं. खरं-खोटं तेच जाणोत.

पुढे ही गिटार जगभर पसरली. इतकी, की बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार ही लॅप स्टीलच होती. १९३२ ची रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन', नावाप्रमाणे हुबेहूब तव्यासारखी. १९४० च्या दशकात ताऊ मो हा हवाईयन संगीताचा कलाकार कुटुंबासकट कलकत्त्यात राहिला, आणि बंगालमधे या वाद्याने असं घर केलं की तिथे त्यावर रवींद्रसंगीत वाजू लागलं. मुंबईत व्हॅन शिप्ले सिनेमाची गाणी वाजवत होते, कधी आपल्या पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांच्या ॲकॉर्डियनबरोबर. काब्रांनी तिच्यावर राग मांडले, विश्वमोहन भट्टांनी तिची मोहनवीणा केली आणि १९९४ मधे ग्रॅमी आणलं. थोडक्यात, वाद्य परकं नाही. आपणच माळ्यावर टाकलेलं आहे.

असो. जुगाडावर महिनाभर काढला आणि मग कोथरूडच्या एका मुलाकडून सेकंडहँड लॅप स्टील घेतली. तो परदेशी चालला होता, सामान काढत होता. नऊ हजार रुपये. चिनी बनावटीची, नाव सांगण्यासारखं काही नाही. घरी आणून लावली तर पहिला दीड तास फक्त घूंऽऽऽ. उघडून बघितलं, तर अर्थची वायर निखळलेली. सोल्डर मारला, घूं गेली. (इंजिनिअरिंगचा आयुष्यात झालेला हा दुसरा उपयोग. पहिला लग्न जमण्यात :) )

आता कामाचं बोलतो, कारण "स्वस्तातली घेऊ का?" हा प्रश्न तुम्ही विचारणारच. साध्या गिटारमधे स्वस्त आणि महाग यातला बराच फरक मानेत असतो. मान वाकली, फ्रेट वरखाली असले, तारा फार उंच असल्या की बोटं सोलतात आणि सूर बिघडतात. इथे ती भानगडच नाही. तारा मुद्दामच उंच. फ्रेट म्हणजे नुसत्या आखलेल्या रेघा. सुताराने एक सरळ फळी नीट कापली की निम्मं काम झालं. म्हणून घेताना चारच गोष्टी बघा. एक, सगळ्या तारा एका पातळीत हव्यात, नाहीतर बार एका तारेवर टेकतो आणि शेजारची खुळखुळते. दोन, खुंट्या ताण धरतात का. तीन, बारावी रेघ बरोबर जागी आहे का. तारेला त्या रेघेवर बोट नुसतं टेकवून छेडा, शिट्टीसारखा बारीक सूर येईल. मग तिथेच बार ठेवून वाजवा. दोन्ही सूर एकच आले तर रेघ बरोबर. चार, वायरचं सॉकेट हलवून खरखर ऐका. बाकी रंग, चकाकी वगैरे सोडून द्या. वाचलेल्या पैशांत चांगला जड बार घ्या (माझा दोनशे ग्रॅमच्या आसपास आहे), अंगठ्याची एक आणि बोटांच्या दोन नख्या घ्या. आणि तारा या गिटारच्याच घ्या. हिची लांबी साडेबावीस इंच, साध्या गिटारपेक्षा दोन-तीन इंच कमी, त्यामुळे ताण कमी पडतो आणि तारा जरा जाड लागतात. ॲम्पला हेडफोन लावायची सोय असेल तर शेजारीही दुवा देतील.

आणि दुवा लागते हो! कारण पहिले काही आठवडे जो आवाज निघतो, तो मांजराच्या शेपटीवर पाय पडल्याचा. कारण सोपं आहे. साध्या गिटारवर बोट फ्रेटच्या अलीकडे कुठेही पडलं तरी सूर फ्रेट ठरवतो. चूक तो पोटात घालतो. इथे तसा कोणीच नाही. बार जिथे, सूर तिथे. मी हिशोब केला (करणारच!). अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. माझ्या फळीवर बाराव्या रेघेपाशी अर्धा सूर म्हणजे जेमतेम सोळा-सतरा मिलिमीटर. म्हणजे बार एक मिलिमीटर सरकला की सहा सेंटची चूक, आणि एवढी चूक तयार कानाला कळते. त्यातून मान तिरकी ठेवून बघितलं की रेघ भलतीकडेच दिसते. बरोबर वरून बघावं लागतं. मी मान मोडेपर्यंत वरून बघत होतो, आणि खुंटीला लावलेल्या ट्यूनरचा दिवा हिरवा झाला की खूष होत होतो.

अशातच साताऱ्याहून आई आली.

आई गांधर्वची मध्यमा झालेली. पुढे संसारात राहून गेलं, पण कान शाबूत. मी हौसेने फळी मांडीवर घेतली. मोकळ्या तारा सी-सिक्स नावाच्या पद्धतीत लावल्या होत्या. आपल्या भाषेत खालून वर सा ग प ध सा ग. भूपातला फक्त रिषभ नाही, बाकी सगळी मंडळी हजर! झाऽऽन करून सगळ्या तारा छेडल्या आणि आईकडे बघितलं.

"गंधार चढा लागतोय."

"अगं नाही, हे बघ, ट्यूनर हिरवा आहे."

"असेल. पण गंधार चढा लागतोय."

मी मशीनवरच्या श्रद्धेने तिला पुन्हा दिवा दाखवला. ती काही बोलली नाही. माझा फोन मागून घेतला, तंबोऱ्याचं ॲप पांढरी एकला लावायला सांगितलं आणि म्हणाली, "खर्ज ऐक. त्याच्या पोटात बघ, कोण बोलतंय." मी ऐकलं. काही नाही. पुन्हा ऐकलं. पाच मिनिटांनी, खर्जाची तार विरत असताना, कोणीही न छेडलेला एक गंधार त्यात स्पष्ट दिसला. दिसला असंच म्हणावं लागेल. "स्वयंभू गंधार," आई म्हणाली. "आता तुझा त्याला लाव."

खुंटी जराशी सैल केली. दोन सूर एकमेकांवर घासून लाटा यायच्या त्या हळू झाल्या, अजून हळू, आणि मग थांबल्याच. फळी एकदम गप्प, शांत वाजली. ट्यूनर बघितला तर लाल! चौदा सेंट खाली.

रात्री आकडे काढून बसलो. ट्यूनर सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग करतो. त्यात गंधार षड्जाच्या सुमारे १.२६ पट. तारेच्या पोटातून निघणारा गंधार मात्र पाच चतुर्थांश, म्हणजे बरोबर १.२५ पट. फरक चौदा सेंट. धैवताचंही तसंच, तो सोळा सेंट चढा. पेटीवर गंधार-धैवत टोचतात म्हणून गवई कुरकुरतात, ते याचसाठी. पेटीला मींडही येत नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली होती, तेव्हाही हेच आक्षेप होते. पेटीवाल्याचा नाइलाज असतो. माझा नव्हता. माझ्या नऊ हजारांच्या फळीला फ्रेटच नाहीत! तिच्यावर तो गंधार पहिल्या दिवसापासून होता. मीच दिव्याकडे बघत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्यूनर ड्रॉवरमधे टाकला. आई समोर चहा घेऊन बसली. मी भूपाचा आरोह सुरू केला, अगदी सावकाश. सा. बार सरकवत रे. मग ग.

"अलीकडे पडला हात."

पुन्हा.

"आता पुढे गेला. घाई काय आहे तुला? आणि ती मागची बोटं उचलू नकोस, टेकव नीट!"

टेकवली. आणि एकदम जाणवलं, की गेली दोन वर्षं आई माझ्या डाव्या हाताकडे बघायची ती चोरून, आणि बघून झालं की भाजी घे, पोळी घे असं काहीतरी बोलायची. आज ती त्या हाताला चक्क रागवत होती. मी लहान असताना पेटीवर माझ्या बोटांना रागवायची, तशीच.

तासाभराने सा ते सा एकदा धड आला. आईने कप ठेवला आणि म्हणाली, "बरंय." आमच्याकडे ही सगळ्यात मोठी दाद असते.

आता शुक्रवारी रात्री लॅपटॉप मिटला की हात पुन्हा कुठेतरी जायला लागलाय. भूप अजून आरोह-अवरोहाच्या पुढे फारसा सरकलेला नाही. आई दर रविवारी फोनवर ऐकते आणि दर रविवारी गंधाराला नावं ठेवते. वॉचमनकाकांनी परवा विचारलं, "साहेब, रात्री ते गाणं तुमच्याच घरून येतं ना?"

गाणं म्हणाले ते. मांजर नाही.

चला, तारा लावायच्यात. भेटू पुढच्या वीकांती.