उभ्या गाडीतले पेट्रोल

दीर्घकाळ गाडी उभी करणे आणि नंतर ती पुन्हा रस्त्यावर आणणे हे मोटारदुरुस्तीच्या व्यवसायातील असे काम आहे की ज्यात यश कोणाच्या डोळ्यांत भरत नाही आणि अपयश मात्र वर्षभराने, बहुधा दुसऱ्याच्याच हाताखाली, उघडे पडते. बॅटरीची तार सोडणे, चाकांत हवा वाढवून गाडी ठोकळ्यांवर घेणे, हँडब्रेक न ओढता चाकांपुढे दगड लावणे, जुन्या ऑइलमधील आम्ल बेअरिंगांना खाऊ नये म्हणून ते आधीच बदलणे, एवढे गॅरेजातल्या नवख्या पोऱ्यालाही ठाऊक असते. ज्यावर दोन अनुभवी मेकॅनिक अजूनही एकमेकांशी भांडतील असा प्रश्न एकच उरतो, आणि तो म्हणजे पेट्रोलची टाकी काठोकाठ भरून ठेवावी की पूर्ण कोरडी करावी.

एके काळी हा प्रश्नच नव्हता. जुन्या गाड्यांच्या पत्र्याच्या टाकीला हवा येण्याजाण्यासाठी छिद्र असते. दिवसा टाकी तापली की आतली हवा बाहेर पडते, रात्री थंड झाली की बाहेरची आत ओढली जाते, आणि मुंबई-कोकणात जुलै महिन्यात ही बाहेरची हवा म्हणजे ऐंशी टक्क्यांहून अधिक आर्द्रता. टाकी जितकी रिकामी तितका हा श्वास मोठा, तितके आतल्या पत्र्यावर साचणारे दव जास्त, आणि तितका गंजही जास्त. म्हणून टाकी भरून ठेवण्याचा नियम झाला आणि प्रीमियर पद्मिनी व अॅम्बॅसडरच्या काळात तो निर्विवाद टिकला. पेट्रोलात पाणी विरघळत नाही; शिरलेच तर ते तळाशी स्वतंत्र राहते आणि तळाचा बोल्ट सोडला की निघून जाते, एवढ्या साध्या रसायनावर त्या नियमाची सारी भिस्त होती.

इथेनॉल आले आणि ही भिस्त संपली. देशात पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्यास 2003 मध्ये सुरुवात झाली, 2022 च्या जूनमध्ये सरासरी प्रमाण दहा टक्क्यांवर गेले, फेब्रुवारी 2023 मध्ये वीस टक्क्यांचे मिश्रण विक्रीस आले आणि 2025 मध्ये तेच सर्वत्र रूढ झाले. इथेनॉल हवेतील बाष्प शोषून घेते आणि पाणी स्वतःत सामावते. दहा टक्क्यांच्या मिश्रणात साधारण तापमानाला अर्धा टक्का पाणी मुरू शकते, म्हणजे चाळीस लिटरच्या टाकीत सुमारे दोनशे मिलिलिटर, आणि तोवर टाकीत पाणी आहे याची कसलीही खूण दिसत नाही. ती मर्यादा ओलांडली किंवा थंडी पडून मर्यादाच खाली आली की इथेनॉल आणि पाणी हातात हात घालून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाशी बसतात. वीस टक्क्यांचे मिश्रण याहून अधिक पाणी सामावते हे खरे, परंतु सुटले की तळाचा थरही तितकाच मोठा होतो, आणि इंजिनाकडे इंधन नेणाऱ्या नळीचे तोंड नेमके त्या थरात बुडालेले असते.

पंपावरून आणलेल्या पेट्रोलाची परीक्षा घेण्याची एक जुनी रीत येथे उपयोगी पडते. खुणांच्या काचेच्या नळकांड्यात शंभर मिलिलिटर पेट्रोल घेऊन त्यात दहा मिलिलिटर पाणी घालावे, हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे. पेट्रोल निर्भेळ असेल तर खाली दहाच मिलिलिटर दिसते. इथेनॉल असेल तर ते पाण्याकडे ओढले जाते आणि खालचा थर फुगतो, वीस टक्क्यांच्या मिश्रणात पंचवीस-तीसपर्यंत. इथेनॉलविरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या पेट्रोलच्या मागे धावणाऱ्या मालकांना ही परीक्षा समोर करून दाखवली की बोलणे बरेच आटोपते.

तर मग टाकी कोरडी करावी का? येथेच गाठ सुटत नाही. कोरड्या टाकीचा उघडा पत्रा एका पावसाळ्यात तांबडा होतो. ती कोरडी करून, आत पातळ ऑइलचा हात फिरवून, छिद्रे बंद करून ठेवता येते. पण मग इंधनपंपाचा रबरी पडदा, कार्ब्युरेटरमधील सील आणि नळ्या, जे वर्षानुवर्षे पेट्रोलात भिजून फुगलेले असतात, ते सुकून आकसतात, आणि पुन्हा पेट्रोल मिळाल्यावर जेथे कधी गळती नव्हती तेथे गळू लागतात. भरलेली ठेवावी तर इथेनॉल त्याच जुन्या रबराला मऊ करते आणि कार्ब्युरेटरच्या जस्तमिश्रित धातूवर पांढरी भुकटी आणते. फ्लोट चेंबर म्हणजे कार्ब्युरेटरमधील पेट्रोलची लहान वाटी. तिच्यातील पेट्रोल काही आठवड्यांत उडून जाते आणि मागे जुन्या व्हार्निशसारखा पिवळट चिकट थर राहतो, जो जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोटीच्या, केसाएवढ्या छिद्रांत घट्ट बसतो. टाकी आणि कार्ब्युरेटर यांचा न्याय वेगळा करावा, टाकी भरलेली ठेवून वाटी मात्र रिकामी करावी, हा प्रस्तुत लेखकाचा आजचा पक्ष आहे; परंतु सहा महिन्यांच्या पुढे तो टिकतो असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि दोन पावसाळे गाडी उभी राहणार असेल तर टाकी उतरवून वेगळी ठेवण्याकडेच हात वळतो.

नव्या गाड्यांची प्लॅस्टिकची टाकी गंजत नाही, त्यामुळे स्कॅनर घेऊन काम करणाऱ्या पिढीला हा सारा वाद म्हाताऱ्यांचा छंद वाटतो. त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. मात्र त्या गाड्यांत विजेचा पंप टाकीच्या आत, तळाशीच बसवलेला असतो, आणि तेथे पाण्याचा थर जमला तर पहिला बळी त्याचाच जातो. शिवाय गाडी बंद असतानाही तिची उपकरणे पन्नास मिलिअँपिअर वीज खात असतील तर महिन्याला छत्तीस अँपिअर-तास जातात, म्हणजे लहान गाडीची बॅटरी महिन्याभरात संपते. या पिढीविषयी खरी तक्रार वेगळी आहे: चोंदलेला कार्ब्युरेटर उघडून जेट तपासण्याऐवजी नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारातून नकली कार्ब्युरेटर आणून बसवण्याची सवय, जिच्यामुळे जेट हातात धरून उजेडाकडे बघणारा फिटर आता शोधावा लागतो.

त्याहून घातक सल्ला वॉचमनकडून दर रविवारी पाच मिनिटे इंजिन सुरू ठेवण्याचा. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तितकेच पाणी तयार होते. इंजिन पुरते तापले नाही तर ते वाफ होऊन बाहेर न जाता ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचते. हा सल्ला देणारी गॅरेजे वर गाडी पॉलिश करून प्लॅस्टिकच्या कव्हरखाली झाकतात, म्हणजे ओल आत कोंडली जाईल याचीही सोय होते.

गाडी परत चालू करण्याच्या क्षणी या व्यवसायाचा अहंकार उघडा पडतो. अर्ध्या सेल्फला इंजिन धरले पाहिजे, म्हणजे स्टार्टरने एकदाच गुरगुरताच ते सुरू झाले पाहिजे, यावर कारागिराची इभ्रत अवलंबून असते. वस्तुतः दीर्घकाळ उभ्या गाडीचे असे झटपट सुरू होणे इंजिनाला वाईटच, कारण ऑइल बेअरिंगांवरून निथळून गेलेले असते. प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरात थोडे ऑइल सोडावे, क्रँकशाफ्ट हाताने फिरवून पाहावा, आणि मग प्लग बाहेर ठेवूनच ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थांबून थांबून फिरवावा, हीच योग्य रीत. प्रस्तुत लेखक ही रीत काटेकोरपणे पाळतो, परंतु मालक येण्यापूर्वी. प्लग परत बसवून, हात पुसून, मालकासमोर केवळ किल्ली फिरवण्याचा भाग ठेवतो, आणि त्याच्या चेहऱ्यावरील आश्चर्य पाहून सुखावतो. परिणामी वर्षानुवर्षे उभी गाडी किल्ली फिरवली की चालू होते, असा मालकांचा समज होतो आणि पुढच्या वेळी ते मेकॅनिकला न बोलावता स्वतःच सेल्फ मारतात. हे ठाऊक असूनही ती रीत त्यांच्यासमोर पाळण्याचे धैर्य होत नाही.

ब्रेकविषयी मात्र दिखावा चालत नाही. ब्रेक ऑइल बाष्प शोषते, चाकातील पिस्टन गंजून अडकतात, आणि त्यासाठी चारही ड्रम उघडण्यावाचून मार्ग नसतो. क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटू नये म्हणून पेडल बांबूने दाबून ठेवण्याची किनारपट्टीवरील युक्तीही तितकीच जुनी, आणि तिच्यावरही मतभेद आहेत, कारण पेडल दाबलेले राहिले की क्लचच्या स्प्रिंगवर महिनोन्महिने ताण राहतो. पण ते भांडण पेडल मोकळे करताच एका दिवसात मिटते. टाकीचे भांडण इंधन बदलेल तसे बदलत राहणार, आणि इथेनॉलचे प्रमाण वीसच्या पुढे नेण्याची चर्चा तर सुरू झालेलीच आहे. तेव्हा पत्र्याच्या टाकीच्या आत लावायचे लेप कोणते टिकतील याची परीक्षा बरणीत पत्र्याचे तुकडे बुडवून आतापासूनच घेऊन ठेवणे भाग आहे.