ठोकणे आणि बसवणे

विद्यार्थी मित्रहो, दिवसभराचे काम आटोपून रात्री पुस्तिका उघडणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर मीही एके काळी तुमच्यातलाच होतो. अकोल्यातील एका गॅरेजमध्ये काम करीत मी पदवीचा अभ्यास केला. त्या काळातील एक प्रसंग तुम्हांला सांगतो.

मे महिना होता. वऱ्हाडातले ऊन ४५ अंशांवर पोहोचले होते. मूर्तिजापूरमार्गे अमरावतीला प्रवासी नेणाऱ्या एका काळी-पिवळी जीपचा गिअरबॉक्स बदलायचा होता. गिअरबॉक्स उतरवला की क्रँकशाफ्टच्या टोकात कांस्याचे एक छोटे बुश दिसते. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक त्याच्या आधाराने फिरते. हे बुश आपल्या भोकापेक्षा केसभर मोठे असते. त्या ताणामुळेच ते स्क्रूवाचून जागेवर टिकते. नवे बुश बसवण्याचे काम मिस्त्रींनी माझ्यावर सोपवले. दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता. घाईने मी त्यावर थेट हातोडी चालवली. बुश तिरपे शिरले, काठ दुमडला. गिअरबॉक्स चढला की सारे झाकले जाणार होते. मी गप्प राहिलो.

तेवढ्यात जीपवाले दादा म्हणाले, "पहाटे वऱ्हाड घेऊन निघा लागते." बुशने शाफ्ट आवळला, तर क्लच दाबूनही गिअर सुटणार नाही, हे मला ठाऊक होते. भरलेली जीप डोळ्यांपुढे आली आणि मी बोललो.

मिस्त्री रागावले नाहीत. "काहून ठोकलं बे त्याले? त्याले बसवा लागते," एवढेच म्हणाले. त्यांनी बुशच्या भोकात ग्रीस भरले, नेमक्या मापाची सळई आत ठोकली; ग्रीसच्या दाबाने बुश मागे सरकून बाहेर आले. दुसरे नवे बुश त्यांनी शेजारच्या कुल्फीवाल्याच्या फ्रीजरमध्ये ठेवायला लावले. २० मिलिमीटर व्यासाचे कांस्य सुमारे ५० अंशांनी थंड झाले, तर ०.०१८ मिलिमीटर आकसते. तेवढ्याने काम हलके होते. मग पायरीदार दांड्यावर बुश चढवून, सरळ धरून, हलक्या ठोक्यांनी ते बसवले.

तेव्हा मला गावचा लोहार आठवला. बंडीच्या चाकाची लोखंडी धाव तो मुद्दाम किंचित लहान करी, गोवऱ्यांच्या आगीत तापवून फुगवी, चाकावर चढवी आणि पाणी ओती. आकसताना धाव सारे आरे घट्ट आवळून घेई. लोहार बाहेरचे तापवी, मिस्त्रींनी आतले गोठवले, तत्त्व एकच.

गॅरेजमधून निघायला मध्यरात्र झाली. पेपर जेमतेम गेला. जीप मात्र पहाटे वेळेवर निघाली.

मित्रहो, पाठ केलेले उत्तरही असेच ठोकून बसवता येते; वरून ते दिसत नाही. तिरपे बसले आहे, हे पहिल्यांदा आपल्यालाच कळते. त्या क्षणी ते उपसून काढण्याचे धैर्य मला त्या बुशने दिले.