सतराव्या टप्प्याची वाट

आमच्या वडील बंधूंस २०२१ सालीं अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात कायमचा निकामी झाला. पाटबंधारे खात्यांत सारा जन्म घालवून डोंगरदऱ्या पायांखालीं तुडविलेला हा मनुष्य एकाएकीं पुण्याच्या घरांतील खिडकीशीं जखडला गेला. वाचनांत मन लागेना. पत्ते एका हातानें धरवेनात. अशा स्थितींत त्यांच्या नातवानें दिवाणखान्यांतील दूरचित्रवाणीच्या पडद्यावर गोल्फचा खेळ लावून दिला आणि बटणांची एक लहानशी पेटी त्यांच्या डाव्या हातांत ठेविली. ज्या वाचकांच्या घरीं तरुण मुलें आहेत, त्यांस हे खेळ ठाऊक असतीलच. बटण एकदां दाबलें कीं काठी उचलली जाते, दुसऱ्यांदां दाबलें कीं टोल्याचा जोर ठरतो, तिसऱ्यांदां दाबलें कीं नेम ठरतो. सारें काम एका अंगठ्याचें. आम्हीं ह्या प्रकारास प्रथम नाक मुरडलें, हें कबूल केलें पाहिजे. परंतु महिन्याभरांत दादा सकाळचा चहा घेऊन पडद्यासमोर बसूं लागले, नातवावर पूर्वींच्याच करड्या आवाजांत ओरडूं लागले, आणि तें ऐकून वहिनींनीं देवापुढें साखर ठेविली.

त्या खेळांत जगांतील नामांकित मैदानें हुबेहूब उतरविलेलीं असतात. दादांनीं त्यांतून एकच निवडलें: स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज ह्या गांवचें ओल्ड कोर्स. कारण विचारतां म्हणाले, “बाकीचीं मैदानें माणसांनीं आंखलीं आहेत. हें वाऱ्यानें आणि मेंढरांनीं आंखलें आहे.” सोळा टप्पे ते बऱ्यापैकीं पार पाडीत. सतराव्यावर मात्र चेंडू हटकून एका वाळूच्या खड्ड्यांत पडे आणि चाराच्या ठिकाणीं आठ-आठ टोले लागत. नातवानें एकदां सहज सुचविलें कीं, आजोबा, हा टप्पा सोडून पुढें जातां येतें. त्या दिवशीं दादा जेवले नाहींत.

२०२३ च्या जूनांत एडिंबरोस आमच्या कन्येकडे जाण्याचें ठरलें, तेव्हां दादांनीं आम्हांस जवळ बोलाविलें. नातीकडून लिहवून घेतलेली एक वही आमच्या हातीं दिली आणि म्हणाले, “ह्यांतलें जें चुकलें असेल तें खोडून आण. आणि सतराव्यावर उभा राहून पाहा कीं, पाणी ओतलें तर कोठें जाईल. पडद्यावर तेवढें एक दिसत नाहीं.”

एडिंबरोहून आगगाडी फोर्थच्या प्रचंड लोखंडी पुलावरून जाते. हा पूल १८९० सालचा. त्याचे ते तांबडे खांब पाहून आमच्या सौभाग्यवतींनीं खिडकी सोडली नाहीं. सेंट अँड्र्यूजला जाणारा लोहमार्ग १९६९ सालीं बंद झाला, म्हणून लूकर्स ह्या स्थानकावर उतरून पुढें बसनें जावें लागतें. गांव लहान आहे. एका टोंकास जुन्या कॅथीड्रलचे भग्न मनोरे, मध्यें पंधराव्या शतकापासून चालत आलेलें विद्यापीठ, आणि दुसऱ्या टोंकास समुद्राला लागून तो माळ. गोल्फचें मैदान म्हणजे धनिकांचें कुंपणांतलें उद्यान, अशी आमची समजूत होती. येथें मैदानाच्या अंगाशींच रस्ता व दुकानें आहेत, आणि एक वहिवाटीचा रस्ता तर पहिला व अठरावा हे दोन्ही टप्पे सरळ कापून समुद्राकडे जातो. आपल्याकडील गायरानासारखी ही जमीन. १५५२ सालीं तेथील आर्चबिशपानें ह्या माळावर ससे पाळण्याची सोय करून घेतली, तेव्हां गांवकऱ्यांचा तेथें खेळण्याचा हक्क सनदेंत मान्य करावा लागला. आजही कोणीही खेळूं शकतो, मात्र पैसे भरून आणि चिठ्ठींत नांव निघालें तर. आणि रविवारीं, एखादी मोठी स्पर्धा नसेल तर, खेळ बंद ठेवून हें मैदान सर्व लोकांस फिरावयास मोकळें असतें. आम्ही मुद्दाम शनिवारीं दुपारीं पोहोंचलों तें ह्याचसाठीं.

शनिवारची संध्याकाळ हिमालयांत गेली. दचकूं नये! ‘हिमालय’ हें शेजारच्या एका हिरवळीचें नांव आहे. १८६७ सालीं तेथील स्त्रियांनीं आपला निराळा क्लब काढला. त्या काळीं बायकांनीं खांद्यावरून काठी उचलून टोला मारणें असभ्य समजत, म्हणून चेंडू नुसता लोटीत नेण्यापुरती ही जागा त्यांस मिळाली. जागा देणाऱ्यांनीं सपाट दिली नाहीं हें त्यांचें भाग्य. हातभर पुढें चढ, लगेच उतार, मग आडवी वळी. थोडे पैसे दिले कीं कोणासही काठी आणि चेंडू मिळतो. सौभाग्यवतींनीं जन्मांत प्रथमच काठी हातीं धरली आणि आम्हांस सरळ हरविलें. युक्ति विचारली तेव्हां म्हणाल्या, “तुम्ही भोंकाकडे पाहून मारतां. मी रांगोळीच्या रेघेसारखी आधीं वाट पाहतें, मग त्या वाटेवर चेंडू सोडतें.” हें वाक्य आम्हीं दादांच्या वहींत लिहून घेतलें.

रविवारीं सकाळीं वही उघडून पहिल्या टप्प्यापासून निघालों. पहिला आणि अठरावा ह्यांचें मैदान एकच, मध्यें झाड नाहीं कीं झुडूप नाहीं. एवढें रुंद कीं नेम चुकणेंच कठीण. परंतु हिरवळीच्या अगदीं तोंडाशीं स्विल्कनचा ओढा आडवा वाहतो. ओढा म्हणजे उडी मारून जावा एवढाच. वहींत लिहिलें होतें, ‘पाहिजे त्याहून एक काठी मोठी घ्यावी, मागें जागा पुष्कळ, पुढें पाणी.’ हें तंतोतंत खरें.

पुढें चालूं लागलों तशी ह्या माळाची खुबी कळूं लागली. मेंढपाळाच्या आंकडीसारखी ही वाट समुद्राच्या खाडीकडे जाते आणि वळसा घेऊन परत गांवांत येते. जातांना व येतांना हिरवळी बहुतेक सामाईक आहेत: एकाच विस्तीर्ण हिरवळीवर दोन झेंडे, आणि त्या दोन टप्प्यांच्या आंकड्यांची बेरीज नेहमीं अठरा. दुसरा व सोळावा, पांचवा व तेरावा, आठवा व दहावा. १७६४ सालीं येथले बावीस टप्पे कमी करून अठरा केले आणि पुढें साऱ्या जगानें तोच आंकडा उचलला. पूर्वीं हा खेळ येथें उलट्या दिशेनेंही खेळत असत. म्हणूनच बाराव्या टप्प्यावर उभें राहिलें असतां समोर नुसतें गुळगुळीत गवत दिसतें; चार पावलें पुढें जाऊन मागें वळून पाहावें तों मैदानाच्या मधोमध खड्डे आ वासून बसलेले! ते पलीकडून येणाऱ्यास दिसावे असे आहेत. पडद्यावर दादा एक बटण दाबून घारीसारखे वरून पाहतात, म्हणून त्यांस हे खड्डे ठाऊक होते. ज्यानें पायीं पाहिलें त्यास ठाऊक नसतें. येथें पडदा वरचढ ठरला, आणि आम्हीं वहींत तसें प्रामाणिकपणें नोंदविलें.

वहींतील मुख्य सूत्र एका शब्दाचें होतें: ‘डावीकडे’. जातांना उजव्या हातास पिवळ्या फुलांचीं कांटेरी झुडपें, येतांना उजव्या हातास भिंत, जुन्या लोहमार्गाची हद्द, हॉटेल. डावीकडे मात्र शेजारच्या टप्प्याचें मैदान मोकळें. शंका आली कीं डावीकडे मारावें. चेंडू हरवत नाहीं. पण त्यांत एक मेख आहे, ती चालल्यावर कळते. डावीकडून पुढचा टोला मारावयाचा तर खड्डा बहुधा बरोबर वाटेंत येतो. उजवीकडे धोका, पण तेथून हिरवळीचें दार उघडें. ह्या मैदानानें आधीं सवलत दिली कीं व्याजासकट वसूल केलेंच.

खड्ड्यांचीं नांवें ऐकून हंसूं येतें. एक जोडी ‘चष्मा’, एक ‘प्राचार्यांचें नाक’, तेराव्यावरच्या ‘शवपेट्या’, आणि चौदाव्यावरचा तो प्रसिद्ध ‘नरक’. नरकाच्या कांठावर उभें राहून खालीं पाहिलें. आंत मनुष्य उभा राहिला तर बाहेरून त्याची टोपीही दिसावयाची नाहीं. १९९५ सालीं जॅक निक्लॉससारख्या धुरंधरास त्या टप्प्यावर दहा टोले लागले. दादांची वही सांगते कीं चौदाव्याचा दुसरा टोला सरळ मारूंच नये. डावीकडे पांचव्याच्या मैदानांत चेंडू ठेवावा, आणि शेवटचा टोला उंच न उडवितां जमिनीवरून पळवावा, कारण हिरवळीच्या तोंडाशीं चढ आहे. अकराव्यावरही तसेंच: टप्पा आंखूड, पण एका अंगास ‘हिल’ नांवाचा खड्डा, दुसऱ्या अंगास ‘स्ट्रॅथ’. १९२१ सालीं अवघ्या एकोणीस वर्षांचा बॉबी जोन्स त्या हिल खड्ड्यांत असा अडकला कीं रागानें त्यानें स्पर्धेंतील डाव सोडला. सहा वर्षांनीं तोच येथें विजयी झाला, आणि १९५८ सालीं ह्याच गांवानें त्यास आपलें मानद नागरिकत्व दिलें.

मग सतरावा. ४९५ वार लांब, चार टोल्यांचा. पहिला टोला हॉटेलच्या आवारांतील शेडांवरून, समोरचें कांहींही दिसत नसतां, केवळ भिंतीवरच्या अक्षरांचा अंदाज धरून मारावयाचा असतो. तेथें पूर्वीं रेल्वेच्या कोळशाच्या शेड होत्या. त्या गेल्या तरी अडथळा तेवढा राखून ठेविला आहे. हिरवळ अरुंद, लांबट आणि तिरकी. तिच्या डाव्या कुशींत तो खड्डा घुसलेला. पलीकडे लगेच सडक, आणि सडकेपलीकडे दगडी भिंत. सडकेवर गेलेला चेंडू सडकेवरूनच मारावा लागतो. १९७८ सालीं जपानचा नाकाजिमा दोन टोल्यांत हिरवळीवर पोहोंचला होता. चेंडू लोटतांना तो ओघळून खड्ड्यांत गेला आणि एकंदर नऊ टोले झाले. २००० सालीं डुव्हालला त्या खड्ड्यांतून बाहेर पडावयास चार टोले लागले. त्याच स्पर्धेंत टायगर वुड्सनें मैदानावरील ११२ खड्ड्यांपैकीं एकाही खड्ड्यांत चारही दिवस पाऊल ठेविलें नाहीं.

आम्ही हिरवळीवर न चढतां खड्ड्याच्या अलीकडे उभे राहिलों. प्रथम कांहींच कळेना. खड्डा लहान दिसत होता. एवढ्याशा तोंडांत दादांचा चेंडू दरवेळीं जातो तरी कसा? तेवढ्यांत सौभाग्यवती खालीं वांकून म्हणाल्या, “अहो, हें तर न्हाणीघर आहे.” आणि खरोखरच, डोळे जमिनीच्या पातळीस नेले तेव्हां दिसलें कीं भोंवतालची सारी जमीन, समोरूनही आणि हिरवळीच्या अंगानेंही, हळूच त्या एका मोरीकडे कललेली आहे. खड्ड्याचें तोंड लहान. त्याचें पाणलोट क्षेत्र मोठें. दादांनीं जन्मभर धरणांचीं पाणलोट क्षेत्रें मोजलीं, आणि इथें पडद्यानें त्यांस केवळ विहिरीचें तोंड दाखविलें होतें. पाणी डावीकडून येवो कीं मधून, खड्ड्यांतच जाईल. फक्त उजवीकडे, हिरवळीच्या अलीकडे, एक जागा अशी होती कीं तेथलें पाणी तिकडे जाणार नाहीं. आणि तेथून हिरवळ लांबीच्या दिशेनें समोर येते. दुसरा टोला मुद्दाम आंखूड मारून तेथें थांबवावा, तिसरा लोटत न्यावा. चार झाले तर देवाची कृपा, पांच झाले तर नुकसान नाहीं. २०२२ सालीं कॅमरन स्मिथचा चेंडू तर चुकीच्या बाजूस, खड्ड्याच्या आड राहिला होता. त्यानें तो उंच उडविलाच नाहीं; खड्ड्याला वळसा घालून जमिनीवरून लोटला, चार टोल्यांत सुटका करून घेतली आणि स्पर्धा एका टोल्यानें जिंकली.

अठराव्याच्या वाटेवर स्विल्कनचा चिमुकला दगडी पूल आहे. तेथें छायाचित्रासाठीं रांग लागलेली होती. आम्हीही लागलों. हिरवळीच्या तोंडाशीं ‘पापाची दरी’ म्हणून एक खोलगट जागा आहे. १९९५ सालीं रोका नांवाच्या इटालियन खेळाडूनें त्या दरींतून साठ फुटांहून अधिक अंतर चेंडू लोटून भोंकांत घातला आणि गुडघे टेकून जमिनीवर हात आपटले; तरी जादा डावांत तो हरला. गांवांतून परततांना कॅथीड्रलच्या आवारांत टॉम मॉरिस आणि त्याचा मुलगा ह्यांच्या कबरी पाहिल्या. बाप शहाऐंशी वर्षें जगला. मुलगा चोविसाव्या वर्षीं गेला.

जुलैंत घरीं आलों. दादांनीं प्रवासाची चौकशी केली नाहीं, वही मागितली. आम्हीं कागदावर हिरवळ काढली, खड्डा काढला आणि भोंवतालीं पाणलोटाची रेघ ओढली. ती रेघ पाहतांच ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सांडवा चुकीच्या बाजूला शोधत होतों.”

घरांतील सर्व मंडळी जमली. पहिला टोला शेडांवरून गेला. दुसऱ्यास त्यांनीं लहान काठी निवडली. नातू “आजोबा, ही पोहोंचायची नाहीं,” म्हणाला. “पोहोंचवायचीच नाहीं,” असें म्हणून दादांनीं अंगठा दाबला. चेंडू उजवीकडे, अलीकडेच थांबला. तिसरा टोला हिरवळीच्या लांबीनें सरपटत गेला आणि भोंकापासून दोन हातांवर राहिला. चौथा चुकला. वहिनींनीं पदर तोंडास लावला. पांचवा आंत गेला.

कोणीं टाळ्या वाजविल्या, त्यांस दादांनीं हातानेंच गप्प केलें. आमच्याकडे वळून विचारलें, “त्या पापाच्या दरींतलें गवत केवढें होतें रे?”

“हिरवळीइतकेंच कातरलेलें.”

“मग लोटायचा,” असें म्हणून त्यांनीं अठराव्यासाठीं बटण दाबलें.