बोधिवृक्षाचे बी : बुद्धगया ते जेतवन

बुद्धगयेहून परतलेल्या माणसाच्या पिशवीत काही वस्तू हमखास सापडतात. नात्यागोत्यात वाटायला माळा, एखादी लहानशी बुद्धमूर्ती आणि पिंपळाचे वाळलेले पान. पान चौकटीत बसवून बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी भिंतीवर लागते. त्यात वावगे काहीच नाही. पण पान वाढत नाही, वाढते ते बी. बोधिवृक्षाच्या इतिहासात ऐन गरजेच्या वेळी बियानेच काम केले आहे, हे मात्र आपल्या घराघरांत फारसे सांगितले जात नाही.

गया स्टेशनावर उतरून रिक्षा केली की सुमारे पंधरा किलोमीटरवर बुद्धगया येते. महाबोधी महाविहाराच्या पश्चिमेला, वज्रासनाला लागून बोधिवृक्ष उभा आहे. त्याच्या आडव्या पसरलेल्या जड फांद्यांना लोखंडी खांबांचे टेकू दिले आहेत. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ येऊन त्याची प्रकृती तपासतात. वाऱ्याची झुळूक आली आणि एखादे पान गळाले की थायलंडचा उपासक, श्रीलंकेची उपासिका आणि विदर्भातली एखादी आजी, तिघेही एकदमच वाकतात.

तथागतांना ज्याच्याखाली संबोधी प्राप्त झाली, तोच हा बुंधा आहे असे अनेकांना वाटते. तसे नाही. झाडालाही आयुष्य असते, आणि या झाडाने तर घावही सोसले. गौड देशाचा राजा शशांक याने ते तोडल्याचे सातव्या शतकात आलेला चिनी भिक्खू युआन च्वांग लिहून गेला आहे. पुढे अलेक्झांडर कनिंगहॅम या पुरातत्त्व अधिकाऱ्याने १८६२ साली पाहिले तेव्हा त्या जागचे झाड जीर्ण झाले होते. १८७६ साली वादळात त्याचा उरलेला भागही कोसळला. पण कनिंगहॅमने नोंदवून ठेवले आहे की त्याआधीच झाडाच्या पुष्कळ बिया गोळा केलेल्या होत्या आणि त्याचे रोप तयार होते. १८८१ च्या सुमारास नवे झाड लावले गेले. म्हणजे झाड पडण्याआधी कुणीतरी वाकून बिया वेचल्या, म्हणून वंश टिकला. त्या वेचणाऱ्या हातांची नावे आपल्याला कुणी सांगत नाही.

फांदीची कथा आपल्याला ठाऊक आहे. सम्राट अशोकाची कन्या थेरी संघमित्रा हिने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधिवृक्षाची शाखा श्रीलंकेत अनुराधपूरला नेली. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्षही भदन्त आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपूरहून आणलेल्या फांद्यांतून वाढला. फांदी लावली की तेच झाड पुन्हा उभे राहते. बियाचे तसे नाही. बी म्हणजे लेकरू, आणि लेकराला आईबरोबर बापही असतो.

आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो ते क्वचित दिसणाऱ्या माणसाला. वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर ही एकाच कुळातली झाडे. त्यांची फुले बाहेर दिसत नाहीत, कारण ती फळाच्या पोटातच असतात. चिलटाएवढा एक कीटक बारीक छिद्रातून आत शिरतो आणि दुसऱ्या झाडावरचा पराग घेऊन येतो. हा कीटक वाऱ्यावर कित्येक किलोमीटर जातो. तेव्हा बोधिवृक्षाच्या बियात कुठल्यातरी खेड्याच्या वेशीवरच्या अनाम पिंपळाचाही वाटा असणार. कुळाचा अभिमान मिरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

बियाची याहून जुनी कथा ऐकायची तर श्रावस्तीला जावे लागते. उत्तर प्रदेशात बलरामपूर ओलांडून पुढे गेले की सहेत-महेतचे अवशेष लागतात. महेत म्हणजे जुने श्रावस्ती नगर आणि सहेत म्हणजे जेतवन. बुद्धगयेसारखी गर्दी इथे नाही. विटांचे चौथरे, गंधकुटीची जागा आणि ज्याला आनंदबोधी म्हणतात तो पिंपळ. तथागतांनी सर्वांत जास्त वर्षावास याच नगरीत केले.

कालिंगबोधी जातकात ही कथा आली आहे. तथागत चारिकेला गेले की फुले घेऊन आलेल्या लोकांना जेतवन रिकामे वाटे. ते फुले गंधकुटीच्या दाराशी ठेवून परतत. अनाथपिंडिकाने ही गोष्ट आनंदांच्या कानावर घातली. आनंदांनी तथागतांना विचारले आणि जेतवनात बोधिवृक्ष लावण्याची अनुज्ञा मिळवली. मोग्गल्लानांनी बुद्धगयेहून पिकलेले फळ आणले, तेही तोडून नव्हे, तर देठातून सुटून पडताना झेललेले. ते लावायचा मान राजा पसेनदीला देण्यात आला. पण राज्यपद कायम राहत नाही असा विचार करून राजाने ते फळ अनाथपिंडिकाच्या हाती दिले. झाडाला राजा नको, रोज येणारा माणूस हवा, हे राजालाही कळले होते. जातकात झाड क्षणात आकाशाला भिडले असे वर्णन आहे. आपण मात्र पाणी घालून वाट पाहावी.

तुमच्या गावच्या पिंपळाची फळेही चालतात. झाडाची जात तीच आहे. वाटाण्याहून थोडी मोठी, जांभळी-काळी झालेली, आपोआप गळालेली फळे घ्यावीत. ती पाण्यात कुस्करावीत. खसखशीएवढे बी तळाशी बसेल ते घ्यावे, तरंगेल ते टाकावे. कागदावर सावलीत दिवस-दोन दिवस सुकवून लगेच पेरावे. पसरट डब्याला खाली भोके पाडून त्यात चाळलेली माती, वाळू आणि मुरलेले शेणखत भरावे. बी वर पसरून हाताने हलके दाबावे. मातीने झाकू नये, कारण उगवायला उजेड लागतो. पाणी ओतू नये, शिंपडावे. डबा उजेडात ठेवावा, पण उन्हात नको. एक ते तीन आठवड्यांत अंकुर दिसतात. सुरुवातीची पाने साधी असतात, लांब टोकाचे ओळखीचे पान नंतर येते. चार-सहा पाने झाली की एकेक रोप पिशवीत हलवावे आणि पुढच्या पावसाळ्यात जमिनीत लावावे. घरातल्या मुलामुलींकडे हे काम सोपवले तर उत्तमच.

खरा प्रश्न आहे जागेचा. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले बी चाळीच्या आणि विहाराच्या भिंतीतही उगवते. बोधिवृक्ष म्हणून ते कुणी उपटत नाही. मग मुळ्या जाडावतात आणि लोकवर्गणीतून, पोटाला चिमटा काढून बांधलेली भिंत फुटते. असे रोप लहान असतानाच, पावसाने भिंत भिजली की मुळासकट अलगद सोडवावे आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून पिशवीत लावावे. त्यात झाडाचा अपमान नाही, त्याला योग्य घर देणे आहे. भिंत, विहीर, जलवाहिनी आणि संडासाची टाकी यांपासून पिंपळ निदान चाळीस-पन्नास फूट दूर हवा. शहरात वाढलेले झाड महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणून विचार आधी करायचा.

वस्तीत तेवढी मोकळी जागा नसेल, तर गावचे तळे, शाळेचे मैदान किंवा गायरान पाहावे, ग्रामपंचायतीला विचारावे आणि काटेरी कुंपण घालावे. लावताना फोटो काढायला सगळे जमतात. पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, त्याचे नाव आधी वहीत लिहा आणि मगच खड्डा खणा.